विकावयाचें घर

घर बांधावें कसें यावर आपल्याकडे ग्रंथ थोडे नाहींत. जमीन कशी पाहावी, पाया कोणत्या मुहूर्तावर खणावा, द्वार कोणत्या दिशेस ठेवावें, या प्रत्येक गोष्टीवर वराहमिहिरापासून कालपरवांच्या पंचांगकर्त्यांपर्यंत सर्वांनीं कांहींना कांहीं लिहून ठेविलें आहे. परंतु बांधलेलें घर विकण्याचा प्रसंग आला असतां गृहस्थानें काय करावें, याविषयीं बहुतेक ग्रंथकार मौन धरतात. घर विकणें हें कांहींसें लाजिरवाणें कृत्य, तें दिवेलागणीनंतर हलक्या आवाजांत उरकून टाकावें, अशीच आपल्या लोकांची समजूत दिसते.

याला एक अपवाद कौटिल्याचा. म्हैसुरास शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं त्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून तो ग्रंथ सर्वांच्या हातीं आला आहे. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचें प्रकरण आहे. वास्तु विकावयाची झाल्यास प्रथम भाऊबंद, मग शेजारी, मग धनको, असा खरेदीचा क्रम. त्यांनीं नको म्हटलें तर मग बाहेरच्यांनीं घ्यावी. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, घराच्या दाराशीं उभें राहून घर विकावयाचें आहे हें ऐकवावें. सीमा असेल तशी सांगावी. ‘या किमतीस कोण घेतो?’ असें तीनदां पुकारावें. कोणाची हरकत न आल्यास घेणाऱ्यानें घ्यावें. चढाओढीनें किंमत वाढली तर वाढलेला अंश करासह राजाच्या खजिन्यांत! हें शेवटचें कलम सध्यांच्या सरकारास कोणीं सुचवूं नये, अशी आमची नम्र विनंति आहे.

हें प्रकरण लहानपणीं वडिलांपाशीं वाचलें तेव्हां आम्हांस तें मौजेचें वाटलें होतें. गेल्या वर्षीं आमचेंच घर विकण्याची पाळी आली, तेव्हां ध्यानांत आलें कीं, कौटिल्यास घराच्या रंगाची मुळींच फिकीर नाहीं. त्यास फिकीर आहे ती चौघांसमक्ष खरें सांगितलें जाण्याची. आम्ही मात्र रंगापासून आरंभ केला. असो.

आमचें घर जिवतीचें. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, माणिकगडाच्या डोंगरांत वसलेलें हें तालुक्याचें गांव. गडचांदुराच्या सिमेंट कारखान्यांचा धुरळा मागें टाकून घाट चढला कीं हवा पालटते, आणि भाषाहि पालटते. गोंड व कोलाम हे येथले मूळचे; १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास व त्यानंतर मराठवाड्यांतून बंजारा, मराठा, मातंग अशीं कितीतरी कुटुंबें पोटासाठीं डोंगर चढून आलीं; पलीकडून तेलगूचा शेजार आहेच. आम्ही मूळचे वऱ्हाडांतले. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली, आणि १९८५ सालीं या भागांतल्या शाळेवर नेमणूक झाली. ‘दोन वर्षांत बदली करून घेऊं’ असें म्हणत म्हणत तालुक्यांतल्या तालुक्यांतच चौतीस वर्षें काढलीं व २०१९ सालीं निवृत्त झालों. मधल्या काळांत, १९९६ सालीं, हें घर घेतलें : चार खोल्या, पुढें ओसरी, मागें परसूं, डोक्यावर सागवानी वासे आणि कवेलू. दोन खोल्या विटांच्या, दोन जुन्या मातीच्या. परसांत शेवगा व सीताफळ.

विकण्याचें कारण सर्वांच्या घरचेंच आहे. आमच्या कुटुंबाचे गुडघे आणि साखर. उन्हाळ्यांत डोंगरावरची पाण्याची ओढ. आणि नागपुरास असलेल्या चिरंजीवांचा आग्रह. चिरंजीवांनीं एका ठेकेदारास घर दाखवून अंदाज काढविला. फरश्या, छताखालीं नक्षी, नवीं कवाडें, रंग, सर्व मिळून एक लाख ऐंशीं हजार! आमच्या निवृत्तिवेतनांतून हें होणें नव्हतें, आणि झालें असतें तरी आम्हीं केलें नसतें. येणारा मनुष्य आपल्या सोयीनें भिंत पाडील, फरशी उखडील. त्याच्या ताटांत आपल्या आवडीचें मीठ आधींच घालून ठेवण्यांत अर्थ काय? आम्हीं मर्यादा घातली पंधरा हजारांची. शेवटीं खर्च आला तो बारा हजार सहाशें पन्नास, कागदपत्रांचा खर्च निराळा.

प्रथम घर रिकामें केलें. यास पैसा लागत नाहीं, उलट थोडा येतो. मधल्या खोलींत दिवसां दिवा लागत असे, तो आम्ही खोलीचाच दोष समजत होतों. कपाट हलविलें तेव्हां त्यामागें एक बरी थोरली खिडकी निघाली. तीस वर्षांपूर्वीं ती आम्हींच झांकली होती. जुनीं मासिकें रद्दींत घालावयास काढलीं, त्यांतलीं निम्मीं आमच्या कुटुंबानें संध्याकाळपर्यंत परत पेटींत नेऊन ठेविलीं. अमेरिकेंत म्हणे विकावयाच्या घरांत भाड्याचें सामान आणून मांडतात, ओव्हनमध्यें पाव भाजून सुवास सोडतात. आमच्याकडे शेणाचा सडा आणि दाराशीं धुतलेलें तुळशीवृंदावन, एवढी तजवीज पुरेशी झाली.

मग कवेलू. डोंगरावर वानरांचा उपद्रव फार, त्यामुळें दरवर्षीं कवेलू फेरून घ्यावेच लागतात. दोन माणसें एक दिवस लावून, साठेक नवे कवेलू घालून घेतले. दोन हजार चारशें. घर पाहावयास येणारा मनुष्य वर पाहतोच. छपरांतून उजेडाचे ठिपके दिसले कीं किमतींतले वीसपंचवीस हजार तेथेंच गळाले म्हणून समजावें.

भिंतींस आम्हीं चुनाच दिला. येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाची कृति दिली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, सालईच्या बिया, धामणाची साल आणि वेखंड यांचा द्रोणभर पाण्यांत अष्टमांश काढा करावा. त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे मिसळून तो लेप ऊन असतां प्रासादाच्या भिंतींस लावावा, म्हणजे तो युगानुयुगें टिकतो. यांतील टेंभुर्णी, सालई, धामण व बिब्बा हे तर आमच्या रानांतले शेजारीच. परंतु युगानुयुगें टिकणारा लेप विकावयाच्या घरास लावण्याइतकें औदार्य आमच्या अंगीं नव्हतें.

चुन्याची साधी रीति अशी. कळीचा चुना आणून मोठ्या पिंपांत भिजवावा. भिजतांना तो खदखदतो व उडतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें आणि डोळे जपावेत. एक दिवस तसाच निवूं द्यावा, मग किलोस पांच लिटर या बेतानें पाणी घालून जाड्या फडक्यांतून गाळावा. त्यांत डिंकाचें पाणी किंवा तांदळाची पेज घातल्यास हातास पांढरें लागत नाहीं. किंचित् नीळ घालावी. पहिला हात ओला असतांना भिंत मळकट दिसते. नवशिका मनुष्य घाबरून दाट चुना फांसतो आणि तो चार दिवसांत पापुद्र्यांनीं सुटतो. चुना पातळ द्यावा, वाळूं द्यावा, मग दुसरा हात, मग तिसरा. आमच्याकडे पळसाच्या मुळ्या ठेचून कुंचा करितात. बाजारच्या ब्रशापेक्षां तो मातीच्या भिंतीवर चांगला चालतो.

यांत आमची एक फजिती झाली. ओसरीच्या भिंतीवर आम्हीं पूर्वीं काळा रंग देऊन फळा केला होता. संध्याकाळीं आळींतलीं मुलें पाढे घोकावयास येत. चिरंजीवांचें मत पडलें कीं, घर पाहावयास येणाऱ्यास दारांतच काळी भिंत दिसूं नये. म्हणून तिजवर चुना दिला. तैलरंगावर चुना धरत नाहीं हें आम्हांस ठाऊक असावयास पाहिजे होतें. चौथ्या दिवशीं भिंतीस जणूं कोड फुटलें! सर्व खरडून एकशेंवीस रुपयांचा काळा रंग आणून पुन्हां फळाच करून टाकला.

कवाडें सागाचीं, तीं घासून जवसाचें तेल दिलें. तेलाचीं फडकीं मात्र बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. जवसाचें तेल सुकतांना ऊब धरतें आणि बोळा आपोआप पेट घेऊं शकतो. तीं पसरून वाळवावींत किंवा पाण्यांत बुडवून ठेवावींत. बिजागऱ्या, नळाचे वायसर, दोन दिवे, एक कडी यांस सहाशें ऐंशीं लागले. करकरणारें दार हें घराच्या मालकास ऐकूं येत नाहीं, पाहुण्यास प्रथम तेंच ऐकूं येतें.

येथपर्यंतचें काम सोपें होतें. कठीण काम होतें मागच्या भिंतीचें.

परसाची जमीन घरापेक्षां हातभर उंच आहे. पावसाळ्यांत पाणी भिंतीशीं तुंबतें आणि स्वयंपाकघराच्या मागील भिंतीस ओल चढते, ती श्रावणाअखेर कमरेपर्यंत येते. पंधरा वर्षांपूर्वीं आम्हीं शहाणपणा करून त्या मातीविटांच्या भिंतीस आंतबाहेर सिमेंटचा गिलावा दिला. त्यानें ओल थांबली नाहीं, आंत कोंडली. सिमेंटाच्या आड भिंतीस श्वास उरला नाहीं आणि पाणी आणखी वर चढूं लागलें. हा दोष माघ-फाल्गुनांत मुळींच दिसत नाहीं. रंगारी म्हणाला, “गुरुजी, आतून वॉटरप्रूफचे दोन हात मारून देतो ना. मिरगापर्यंत कोनाले समजत नाही.” आम्हीं त्यास होकार दिला नाहीं, पण नकोहि म्हटलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. ‘पाहूं’ म्हणालों. ज्यानें आयुष्यभर मुलांस सत्याचे धडे घालून दिले त्याच्या तोंडीं ‘पाहूं’ हा शब्द फार सोईचा असतो.

चैत्रांत गिऱ्हाइकें येऊं लागलीं. पहिले एक व्यापारी गृहस्थ आले. त्यांचें बोलणें असें कीं, अर्धी रक्कम कागदावर लिहावी, अर्धी हातावर घ्यावी. आम्हीं त्यांस चहा दिला व निरोप दिला. मुद्रांकशुल्क हें ठरलेली किंमत आणि सरकारी दरतक्त्याप्रमाणें येणारें मूल्य यांतील जें अधिक त्यावर आकारतात, त्यामुळें कागदावर कमी लिहून वांचतें थोडें, आणि मागें चिंता उरते मोठी. शिवाय स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यासच होतो, तितकाच रकमेचा.

दुसरे आले ते आपल्याबरोबर एक वास्तुतज्ज्ञ घेऊन. दार दक्षिणेस, म्हणून तें मोडून पूर्वेस काढल्याखेरीज सौदा नाहीं, असें त्या तज्ज्ञांनीं ठासून सांगितलें. आम्हीं विचारलें, हें कोठें लिहिलें आहे? त्यांनीं ‘शास्त्रांत’ असें उत्तर दिलें. बृहत्संहितेंत प्रत्येक दिशेस द्वाराचीं आठ स्थानें सांगून प्रत्येकाचें फळ दिलें आहे. दक्षिणेकडील बहुतेक फळें वाईट खरीं, परंतु त्यांतच एक स्थान अन्नपान व संतति यांची वृद्धि करणारें आहे. आमचें दार नेमकें त्याच स्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं मोजलें नव्हतें. परंतु दिशेचें नांव घेऊन भिंत पाडावयास लावणाऱ्यानें निदान तो अध्याय उघडून पाहावा, एवढेंच.

तिसरा आला तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याचा बाप दुष्काळांत नांदेडकडून तांड्याबरोबर आलेला. मुलगा शिकून आरोग्यसेवक झाला, सून अंगणवाडींत. त्यानें ओसरींत चपला काढल्या, फळ्याकडे पाहून हंसला, आणि घर न पाहतांच बसला. आम्हीं ‘आंत जाऊन पाहून ये’ म्हटलें तर म्हणतो, “गुरुजी, तुम्ही राहिलेलं घर. त्यात मी काय पाहायचं?”

तो गेल्यावर आमचें कुटुंब तांदूळ निवडीत बसलें होतें. मान वर न करतां म्हणालें, “अहो, त्या व्यापाऱ्यानं भिंतीला हात लावून पाहिला असता. हा पाहायचा नाही. मग तुम्हांलाच सांगायला हवं.”

दुसऱ्या दिवशीं रंगाऱ्यास ‘नको’ म्हणून निरोप पाठविला. पुढें कुतूहलानें कायदा काढून पाहिला तेव्हां त्यांतहि तेंच निघालें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमांत विक्रेत्याचें पहिलेंच कर्तव्य असें आहे कीं, मालमत्तेंतला अगर आपल्या मालकींतला जो महत्त्वाचा दोष आपणांस ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाहीं व साधारण सावधगिरीनेंहि त्यास कळला नसता, तो उघड करावा. न केल्यास तें कपट होय.

दोष सांगावयाचा म्हणजे तो तसाच ठेवावयाचा असें मात्र नव्हे. भिंतीपासून दीड हातावर लांबच लांब चर खणून त्यास उतार दिला, त्यांत गिट्टी भरली, व पाणी बाजूच्या नालींत काढलें. आंतबाहेरचा सिमेंटचा गिलावा तीन फुटांपर्यंत खरडून काढला, महिनाभर भिंत उघडी वाळूं दिली, आणि मग चुन्याचा गिलावा केला. खर्च सहा हजार दोनशें. हाच पैसा सर्वांत सार्थकीं लागला, आणि पंधरा वर्षांपूर्वीं लागला असता तर अधिक.

भिंत उघडी असतांनाच विद्यार्थ्यास व त्याच्या पत्नीस बोलावून सर्व दाखविलें. तो अवघडून उभा राहिला. त्याच्या पत्नीनें मात्र पदर खोंचून विचारलें, “काकू, पाणी कुठवर येतं?” आमच्या कुटुंबानें हात लावून दाखविलें. तिनें वितीनें मोजलें, चर पाहिला, आणि ओसरीवर येऊन चाळीस हजार कमी करा म्हणून सांगितलें. आठ लाख तीस हजारांचा सौदा सात लाख नव्वदांवर तुटला. घासाघीस तिनें केली, यानें एक शब्दहि काढला नाहीं. आम्हांस तिचें कौतुक वाटलें. संसार तिच्या हातीं सुरक्षित आहे.

आतां कागदांविषयीं. वाचकांपैकीं ज्यांस घर विकावयाचें असेल त्यांनीं रंगाचा विचार मागाहून करावा, हा भाग आधीं वाचावा.

आमचें खरेदीखत रीतसर नोंदविलेलें, पेटींत जपून ठेविलेलें. तेवढ्यावर आम्ही एकोणतीस वर्षें निर्धास्त होतों. विद्यार्थ्यास बँकेचें कर्ज काढावयाचें होतें. बँकेच्या वकिलानें तीस वर्षांचा शोध घेतला, आणि सातबाऱ्यावर आमच्या जागीं अद्याप मूळ मालकाचेंच नांव निघालें! खरेदीखत नोंदविणें निराळें आणि अधिकार अभिलेखांत फेरफार होणें निराळें. फेरफारासाठीं तलाठ्यास आपणहि वर्दी देऊन ठेवणें हें शहाणपणाचें. ती आम्हीं दिली नव्हती. दुसऱ्या कोणीं परस्पर दिली असेल असें समजून चाललों. मुलांस पत्रलेखन शिकविणाऱ्या मास्तरानें स्वतःचा एक अर्ज एकोणतीस वर्षें लिहिला नाहीं! मग अर्ज, खरेदीखताची प्रमाणित नक्कल, संबंधितांस नोटीस, हरकतीसाठीं पंधरा दिवस. मूळ मालक निवर्तलेले. त्यांच्या मुलांचे पत्ते शोधून त्यांस कळविलें. एकानें पत्रानें कळविलें, दुसरा सात-आठ तासांचा प्रवास करून स्वतः आला, जेवला, आणि ‘वडिलांनीं पैसे घेतले होते, आमचें कांहीं म्हणणें नाहीं’ असें लिहून देऊन गेला. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाहीं. त्यानें हरकत घेतली असती तर आम्ही अद्याप जिवतींतच असतों. मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित होईपर्यंत अडीच महिने गेले. म्हणून सांगतों, घर विकण्याचा विचार मनांत येतांच प्रथम सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून स्वतःचें नांव वाचावें. आजकाल ती घरबसल्या मोबाइलवरहि दिसते. मग नगरपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचें देयक. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हें मात्र विसरूं नये.

आमचा अडथळा अडीच महिन्यांत मिटला. जिवतींत असे शेंकडों लोक आहेत कीं, त्यांचा अडथळा मिटण्याजोगाच नाहीं. याच दिवसांत दुसरे एक परिचित आमच्याकडे आले. त्यांचें घर आमच्यापेक्षां चांगलें, पक्क्या विटांचें. गडचांदुरास मुलापाशीं जाण्यासाठीं त्यांस तें विकावयाचें होतें. कागद म्हणून त्यांच्याजवळ घरपट्टीच्या पावत्या, विजेचें देयक आणि शिधापत्रिका. घराखालची जमीन वनखात्याच्या नोंदींत. ‘गुरुजी, तुमचें अक्षर चांगलें, बाँडपेपरावर विक्रीचा मजकूर लिहून द्या, नोटरी करून घेतों,’ असें त्यांचें म्हणणें. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खताखेरीज होत नाहीं. नोटरीच्या शिक्क्यानें मालकी जात नाहीं आणि येतहि नाहीं. शिवाय जें आपलें म्हणून सरकार मानीत नाहीं तें दुसऱ्यास कोणत्या तोंडानें विकावें?

या भागाचें दुखणें जुनें आहे. राजुरा तालुका, ज्यांत जिवती पूर्वीं मोडे, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत. त्यानंतर तो मुंबई राज्यांत आला व पुढें चंद्रपूर जिल्ह्यांत. जमीन वनाची कीं महसुलाची हा वाद अनेक ठिकाणीं अद्याप सुटलेला नाहीं. तेलंगणाच्या सीमेवरील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर या बाजूच्या गांवांवर तर दोन्ही राज्यें हक्क सांगतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें आदिवासींस १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या ताब्याचे पट्टे मिळूं लागले. परंतु ते वारसास मिळतात, विकतां येत नाहींत. आदिवासींची मालकीची जमीनहि १९७४ च्या दुरुस्तीपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज बिगरआदिवासीस घेतां येत नाहीं, आणि हें योग्यच आहे. बिगरआदिवासींस मात्र वनहक्कासाठीं तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास दाखवावा लागतो. १९७२ च्या सुमारास आलेल्यानें पंचाहत्तर वर्षें आणावींत कोठून? त्यानें रान साफ करून पिकविलें, मुलें वाढविलीं, घर बांधलें. राहण्यास तें त्याचें आहे, विकण्यास नाहीं.

आम्हीं त्या गृहस्थांस मजकूर लिहून देण्याचें नाकारलें. ‘तुमचें घर विकलें जातें, माझें नाहीं, तुम्हांला बोलायला काय जातें?’ असें ते म्हणाले, व चहा तसाच टाकून उठून गेले. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमच्याजवळ त्यांस देण्याजोगा एकच सल्ला होता, कीं वास्तव्याचा प्रत्येक जुना पुरावा जपून ठेवावा. आणि तो किती तोकडा आहे हें आम्हांस कळत होतें. पुढें कोणीतरी त्यांस तो कागद लिहून दिला असें ऐकतों. घेणाऱ्यानें चार लाख दिले. त्या घेणाऱ्याच्या मुलास उद्यां हें घर विकावयाचें झाल्यास तो काय दाखविणार?

आमच्या व्यवहाराचें बाकीचें सरळ झालें. कौटिल्याचा मान राखून आम्हीं इसार घेण्यापूर्वीं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांस ओसरीवर बोलावून सीमा दाखविल्या. डावीकडच्या शेजाऱ्यानें शेवग्याच्या झाडापाशीं अर्ध्या हाताची शंका काढली, ती दोरी धरून तेथेंच मिटविली. इसाराची रक्कम धनादेशानें घेतली. मुद्रांक व नोंदणीचा खर्च रिवाजाप्रमाणें घेणाऱ्यानें सोसला. नोंदणी फी शेंकडा एक. कचेरींत अंगठे झाले, छायाचित्रें झालीं, दोन साक्षीदार, त्यांतला एक डावीकडचाच शेजारी. फेरफाराचा अर्ज विद्यार्थ्याकडून आम्हीं त्याच दिवशीं समोर बसवून लिहून घेतला. त्यांत ‘विनंती’वर दोन ठिकाणीं चुकीची वेलांटी होती, ती दुरुस्त केली.

व्यवहार आटोपल्यावर आम्ही नागपुरास आलों. श्रावणांत एके सकाळीं त्याच्या पत्नीचा फोन आला, आमच्या कुटुंबासाठीं. ओल आलीच, पण गुडघ्याखालींच थांबली आहे, असें ती म्हणाली. चरांत पानें अडकतात, तीं पंधरवड्यानें काढीत जा, असें आमच्या कुटुंबानें तिला सांगितलें, आणि मग दोघी बराच वेळ शेवग्याविषयीं बोलत होत्या.